‘सुट्टीवर आलास की कायमचा?’ – आखातातून परतलेल्या कामगाराला आपले गाव कसे वागवते

शेतवाट (धागाकर्ते)

नमस्कार मंडळी.

माझा धाकटा भाऊ गेल्या मार्गशीर्षात कायमचा घरी आला. एकूण सतरा वर्षे तो बाहेर होता. पहिली सहा शारजात आणि पुढची अकरा अबू धाबीत, एकाच कंपनीत, पाईप वेल्डर म्हणून. हाती घेतलेला प्रकल्प संपला, कंपनीने माणसे कमी केली, व्हिसा रद्द झाला आणि तो रीतसर हिशेब घेऊन गोव्यात उतरून चोर्ला घाटाने घरी पोहोचला. घरात आनंद होता, कारण आईची सत्तरी उलटली आहे आणि त्याच्या मुलीने आजवर आपला बाप वर्षातून तीस-पस्तीस दिवसांपुरताच पाहिला होता.

गावाने मात्र त्याला जे प्रश्न विचारले, ते मला अजून बोचतात. पहिला प्रश्न प्रत्येकाचा एकच होता, ‘सुट्टीवर आलास की कायमचा?’ ‘कायमचा’ असे उत्तर दिले की समोरच्याचा चेहरा बदलत असे. त्यानंतर आठवडाभरात गावात बोलणे पसरले की तो कॅन्सल होऊन आला, म्हणजे त्याने तिकडे काहीतरी केले असणार. दुसरीकडे यात्रा कमिटीने लक्ष्मी यात्रेच्या वर्गणीसाठी त्याच्या नावासमोर इतरांच्या पाचपट आकडा घातला, कारण त्याने पन्नास लाख आणले आहेत असेही त्याच गावात बोलले जात होते. एकाच माणसाला हाकलून दिलेला आणि गडगंज होऊन आलेला असे दोन्ही ठरवले गेले. आता तो देवळाच्या कट्ट्यावर जात नाही आणि शेताकडे जातानाही मागच्या पाणंदीने जातो.

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या भागांतून आखातात गेलेली माणसे थोडी नाहीत. तुमच्याकडे परतलेल्यांचे स्वागत कसे झाले, आणि असे का होते, हे मला मनापासून समजून घ्यायचे आहे.

उचगावकर

आमच्या गल्लीतही हेच घडते. सुट्टीवर आलेल्याच्या घरी संध्याकाळी दहा माणसे बसलेली असतात आणि कायमच्या आलेल्याच्या घरी महिन्याभरात कोणी फिरकत नाही. मी स्वतः त्या दहांपैकी एक होतो, हे तुमचा धागा वाचताना लक्षात आले.

मीटरगेज

शेतवाट, तुमचा प्रश्न नवा नाही. आमच्या घरात तो १९९० साली आला होता. माझे वडील कुवेतमध्ये एका गॅरेजात मेकॅनिक होते. २ ऑगस्टला इराकी फौजा शिरल्या आणि त्यानंतर जवळजवळ सहा आठवडे आम्हाला त्यांचा ठावठिकाणा नव्हता. ते बसने बगदादमार्गे जॉर्डनच्या सीमेवर आले, वाळवंटातल्या तंबूंत राहिले आणि अम्मानहून एअर इंडियाच्या विमानाने मुंबईला पोहोचले. त्या वेळी सुमारे ५९ दिवसांत ४८८ उड्डाणे करून एक लाख सत्तर हजारांहून अधिक भारतीयांना परत आणले गेले, हे पुढे सर्वांनी अभिमानाने सांगितले आणि तो अभिमान रास्तही आहे. वडील मुंबईहून मिरजेला आले आणि तिथे मीटरगेजची गाडी धरून बेळगावला उतरले. त्यांच्या अंगावर कोणीतरी दिलेला सदरा होता आणि हातात एक प्लॅस्टिकची पिशवी होती.

पहिले पंधरा दिवस त्यांना पाहायला सगळा गाव लोटला. युद्धाची हकीकत ऐकायला लोक शेजारच्या खेड्यांतून येत. त्यानंतर मात्र ज्यांनी वडिलांकडून उसने नेले होते त्यांनी दिवाळीपर्यंत तोंड दाखवले नाही आणि ज्यांच्याकडून वडिलांनी जाताना घेतले होते ते रोज सकाळी दारात उभे राहू लागले. आईने पाटल्या मोडल्या. संयुक्त राष्ट्रांनी १९९१ मध्ये नुकसानभरपाईसाठी आयोग नेमला आणि काही वर्षांनी वडिलांना त्यातून रक्कमही मिळाली. पण ती मिळेपर्यंतची वर्षे त्यांनी खडे बाजारातल्या एका दुकानात सायकली दुरुस्त करून काढली. मोटारीचे इंजिन उघडून बांधणाऱ्या माणसाला कोणी गॅरेजात ठेवून घेतले नाही, कारण ‘हा पुन्हा जाणार’ असे सगळ्यांनी गृहीत धरले होते. ते पुन्हा कधीच गेले नाहीत.

विमानतळावर हार घालायला देश उभा असतो. खरी अडचण त्यानंतरच्या दिवाळीला येते.

चंदगडी

मी थोडे वेगळे मांडतो. कोणी रागावू नये. मी सीमेच्या अलीकडचा म्हणजे महाराष्ट्रातला असलो तरी बाजारहाट आणि सोयरिकी बेळगावच्याच आहेत. गावाने लावलेले हे माप बऱ्याच वेळा या मंडळींनीच गावाच्या हातात दिलेले असते. सुट्टीवर यायचे तेव्हा गळ्यात साखळी, अंगावर अत्तर, प्रत्येक घरी दूधपावडरीचा डबा आणि टायगर बाम, यात्रेत सगळ्यांना जेवण आणि वर ‘मी तिकडे सुपरवायझर आहे’ हे सांगणे. कर्ज काढून तीन मजली घर बांधायचे आणि त्यात आई-वडिलांनी दोघांनीच राहायचे. शेजाऱ्याला जमीन घ्यायची असेल तर यांच्यामुळे गुंठ्याचा भाव वाढलेला असतो. इतकी वर्षे वैभव दाखवल्यावर गावाने वैभवाबद्दलच विचारले, तर केवळ गावाला दोष देणे मला पटत नाही.

दुसरी गोष्ट याहून गंभीर आहे. यांच्यापैकीच काहीजण गावच्या पोरांकडून व्हिसाचे लाख-दीड लाख घेतात. नोंदणीकृत एजंटालादेखील कायद्याने तीस हजार रुपये आणि त्यावरचा जीएसटी यापेक्षा अधिक शुल्क घेता येत नाही, हे पोरांना कोणी सांगत नाही. अशा एखाद्या माणसाने फसवलेली दोन घरे गावात असली की कायमच्या परतलेल्या प्रत्येकाकडे लोक संशयाने पाहतात.

दोहा ते हलगा

चंदगडी, तुमचे दुसरे म्हणणे मला पूर्ण मान्य आहे. व्हिसा विकणाऱ्या माणसाला आमच्यातही कोणी जवळ करत नाही.

पहिल्या म्हणण्याबद्दल मात्र आतल्या बाजूने लिहितो. मी गेली नऊ वर्षे दोह्यात शटरिंगचे काम करतो. आमच्या खोलीत आठ माणसे आहेत. १ जूनपासून १५ सप्टेंबरपर्यंत सकाळी दहा ते दुपारी साडेतीन उघड्यावर काम करण्यास इथे बंदी असते, म्हणून आम्ही पहाटे चारला साइटवर असतो आणि दुपारी परत येऊन तीन तास झोपतो. हे मी घरी कधी सांगितले नाही. आईला काय सांगायचे? तिला वाटते की माझा मुलगा थंड खोलीत बसून लोकांकडून काम करून घेतो, आणि तसे वाटण्यामुळे तिला रात्री झोप लागते. सुपरवायझर आहे असे मी प्रथम तिला सांगितले, तिने ते शेजारणीला सांगितले आणि पुढे तीच माझी ओळख झाली. दूधपावडरीचा डबा तर मी स्वतःसाठी आणतच नाही. यादी गावातूनच येते.

खोटे बोललो हे चूकच आहे. आता परतण्याचा विचार मनात आला की सर्वांत मोठी भीती वाटते ती त्याच खोट्याची, कारण सुपरवायझर म्हणून ओळखला गेलेला माणूस बेळगावात रोजंदारीवर फळ्या ठोकायला कसा उभा राहणार?

हलशी वाट

या धाग्यावर एक गोष्ट अजून कोणी बोललेले नाही, ती मांडतो.

आपला जिल्हा मराठा लाइट इन्फंट्रीच्या केंद्राचा आहे. खानापूर आणि बेळगाव तालुक्यांत जवळजवळ प्रत्येक वाडीत एखादे घर फौजेतले सापडते. जवान सतरा किंवा वीस वर्षांची नोकरी करून निवृत्त होतो तेव्हा गाव काय करते ते आठवा. उघडी जीप सजवली जाते, वेशीपासून हलगी वाजते, सुवासिनी दारादारात ओवाळतात, शिवाजी महाराजांच्या पुतळ्याला तो हार घालतो आणि ग्रामपंचायतीसमोर त्याचा सत्कार होतो. ‘कायमचा आलास?’ हा प्रश्न त्यालाही विचारतात, पण तो विचारताना लोक हसत असतात. मी स्वतः अशा चार मिरवणुकांत नाचलो आहे.

आता शेतवाट यांच्या भावाची सतरा वर्षे त्याशेजारी ठेवा. तोही कोवळ्या वयात गेला, उन्हात राबला, बापाच्या शेवटच्या दिवसांत येऊ शकला नसेल, मुलीचे पहिले पाऊल त्याने फोनवर पाहिले असेल. तो परतला तेव्हा वेशीवर कोणी नव्हते. आपल्याकडे सैनिकाच्या परतण्याला एक रीत आहे आणि कामगाराच्या परतण्याला काहीच रीत नाही, म्हणून गाव गोंधळते, आणि गोंधळलेले गाव प्रश्न विचारत सुटते. मला गावाच्या दुष्टपणापेक्षा हे रीत नसणे अधिक महत्त्वाचे वाटते.

वैजनाथ पायथा

हलशी वाट, आपल्या भावनेचा आदर ठेवून सांगतो की ही तुलना मला मान्य नाही. माझा मोठा भाऊ सियाचीनमध्ये दोन हिवाळे राहून आला आहे. जवान देशासाठी जातो आणि गरज पडली तर जीव देतो. आखातात जाणारा आपल्या घरासाठी आणि पगारासाठी जातो. दोघांचा मान सारखा धरला तर जवानाच्या मानाला अर्थ राहणार नाही.

हलशी वाट

वैजनाथ पायथा, जवानाचा मान कमी करावा असे मी म्हटलेले नाही आणि म्हणणारही नाही. जीपही मी मागत नाही. वेशीवर पाच माणसांनी उभे राहून ‘बरे झाले आलास’ इतके म्हणावे, एवढेच माझे म्हणणे आहे. घरासाठी जाण्याबद्दल बोलायचे तर त्या पैशातून गावची शाळा रंगली, देवळाचा कळस चढला आणि कित्येकांच्या दवाखान्याची बिले भागली. ते घर तेवढ्या चार भिंतींचे राहिलेले नव्हते. बाकी तुमच्या भावाला माझा नमस्कार सांगा.

मंगाई गल्ली

पुरुषांना निदान पैशाबद्दल तरी विचारतात. माझ्या मावशीला काय विचारले गेले ते लिहिते.

माझे काका, म्हणजे मावशीचे यजमान, वारले तेव्हा मावशी चौतीस वर्षांची होती. वडगावात मागावर बसून दोन मुली आणि एक मुलगा वाढवणे शक्य नव्हते, म्हणून ती मस्कतला एका कुटुंबात घरकामाला गेली. दहावी न झालेल्या, म्हणजे इमिग्रेशनची तपासणी लागणारा पासपोर्ट असलेल्या तीस वर्षांखालील स्त्रीला या देशांत घरकामासाठी जायला सरकार परवानगी देत नाही. मावशीचे वय त्यापुढचे होते आणि तिने सगळे कागद सरळ मार्गाने केले होते. नऊ वर्षांत तिने दोन्ही मुलींची लग्ने केली आणि मुलाचा डिप्लोमा पूर्ण करवला. गुडघे कामातून गेल्यावर ती परतली.

गल्लीत तिच्याविषयी जे बोलले गेले ते मी इथे लिहू शकत नाही. ती कोणत्या घरात होती, एकटी कशी राहिली, मालक कसा होता, हे प्रश्न तिला बायकांनीच विचारले, आणि तेही तिच्या धाकट्या जावयासमोर. ज्या शेजारणीच्या मुलाच्या फीसाठी मावशीने तिकडून पैसे पाठवले होते, ती दळप घेऊन जाताना रस्त्याची बाजू बदलू लागली. मंगाई देवीच्या यात्रेत दरवर्षी मावशीच्या नावाने वर्गणी जात होती. ती पावती मात्र कोणी नाकारली नव्हती.

माझ्या आईने त्या वर्षी एकच केले. यात्रेच्या दिवशी ओटी घेऊन ती स्वतः मावशीला हाताला धरून रांगेत घेऊन गेली आणि संपूर्ण वेळ तिच्याशी मोठ्याने बोलत राहिली. पुढच्या वर्षी आणखी तिघी त्यांच्यासोबत गेल्या. हलशी वाट यांनी म्हटलेली रीत मला यात दिसते.

निपाणी नाका

२०२० आठवल्याशिवाय हा विषय पूर्ण होणार नाही. ७ मे २०२० रोजी, करोनामुळे परदेशात अडकलेल्यांना परत आणणाऱ्या वंदे भारत मोहिमेची पहिली विमाने अबू धाबी आणि दुबईहून केरळात उतरली आणि १२ मे रोजी दुबईचे विमान मंगळूरला आले. तिकिटाचे पैसे ज्याचे त्यालाच भरायचे होते आणि त्यांतल्या अनेकांच्या हातची नोकरी गेलेली होती. टीव्हीवर या लोकांबद्दल कौतुक चालू असताना गावागावांत मात्र ‘यांनीच रोग आणला’ हे पक्के झाले होते.

माझा चुलत भाऊ जूनमध्ये मस्कतहून मुंबईला उतरला. तिथले विलगीकरण संपवून तो कोगनोळी नाक्यावर आला, तेव्हा सेवा सिंधूच्या, म्हणजे कर्नाटक सरकारच्या संकेतस्थळावरून काढलेल्या प्रवेश पासावरील तारीख उलटली होती. महाराष्ट्राच्या बाजूला त्याला कोणी ओळखत नव्हते आणि कर्नाटकाच्या बाजूला त्याला प्रवेश नव्हता. ज्याचे घर नाक्यापासून अर्ध्या तासावर आहे, अशा माणसाने हमरस्त्याच्या कडेला बॅगेवर बसून रात्र काढली. सीमाभागातल्या माणसाला दोन राज्यांच्या मध्ये उभे राहण्याची सवय आहे, पण त्या रात्रीचे तो आजही कोणाला सांगत नाही. मलाच माहीत आहे.

गावात पोहोचल्यावर वेशीवर बाभळीच्या काट्या टाकलेल्या होत्या. त्याला शाळेच्या खोलीत ठेवले. तिथे दोन वेळची भाकरी नेऊन देणारा माणूस त्याच्या भावकीतला नव्हता, तर ज्याच्याशी बांधावरून आमचा दावा चालू होता तोच होता. तो दावा पुढच्याच वर्षी आम्ही आपसांत मिटवला.

उचगावकर

निपाणी नाका, त्या काळात भीती खरी होती, हेही लक्षात घ्यायला हवे. आमच्या गावात काट्या टाकणाऱ्यांत मी नव्हतो, परंतु त्या काढायलाही मी गेलो नाही.

मीटरगेज

अलीकडचे एक निरीक्षण जोडतो. ५ फेब्रुवारी २०२५ रोजी अमेरिकेच्या लष्करी विमानाने १०४ भारतीयांना अमृतसरला आणून सोडले आणि त्यांच्या हातांत बेड्या होत्या, हे सर्वांनी पाहिले. संसदेत त्यावर गदारोळ झाला. लोकांत दोन तट पडले. काहींना तो देशाचा अपमान वाटला, तर काहींनी ‘चोरवाटेने गेले, आता भोगावे’ असे म्हटले. ते बहुतेक हरियाणा, गुजरात आणि पंजाबचे होते, आपल्या भागाशी त्यांचा संबंध नव्हता. तरीही त्याच आठवड्यात करार पूर्ण करून सौदीहून परतलेल्या आमच्या शेजारच्या मुलाला पानाच्या टपरीवर कोणीतरी ‘तुलाही बेड्या घालूनच आणले का?’ असे विचारले. विचारणाऱ्याला ती चेष्टा वाटली असेल. तो मुलगा नंतर बरेच दिवस त्या टपरीवर दिसला नाही.

परतण्याचे शंभर प्रकार असतात. करार संपतो, कंपनी बुडते, युद्ध होते, आजारपण येते, आई एकटी पडते, मन भरते. लोक या सगळ्याला एकच नाव देतात: हाकलले.

कडोलीचे मास्तर

मी निवृत्त शिक्षक आहे आणि परतलेल्या माझ्या विद्यार्थ्यांचे अर्ज भरून देतो, म्हणून पन्नास लाखांच्या कथेचा हिशेब मांडतो.

संयुक्त अरब अमिरातीच्या कायद्यानुसार नोकरी संपताना मिळणारी ग्रॅच्युइटी मूळ वेतनावर मोजतात. पहिल्या पाच वर्षांसाठी दर वर्षी २१ दिवसांचे आणि त्यापुढे दर वर्षी ३० दिवसांचे मूळ वेतन. शेतवाट यांच्या भावाची शेवटच्या कंपनीत अकरा वर्षे झाली, म्हणजे १०५ आणि १८० मिळून २८५ दिवस. महिन्याचा एकूण पगार पंधराशे-सोळाशे दिरहम असला तरी करारात मूळ वेतन बरेचदा नऊशेच्या आसपास लिहिलेले असते. दिवसाला ३० दिरहम धरले तर ८,५५० दिरहम होतात. एका दिरहमला २३ रुपये धरल्यास ही रक्कम दोन लाखांच्या आतच राहते. अकरा वर्षांच्या शेवटी हातात येणारे हे एवढेच.

पेन्शनही नाही. भारताने ज्या देशांशी सामाजिक सुरक्षेचे करार केले आहेत, त्यांत आखाती देश नाहीत. अशा कामगारांसाठी २०१२ मध्ये महात्मा गांधी प्रवासी सुरक्षा योजना निघाली होती, ती २०१७ मध्ये बंद झाली. प्रवासी भारतीय विमा योजनेत दहा लाखांचे संरक्षण असते, परंतु ते अपघाती मृत्यू आणि अपंगत्वासाठी आहे, धडधाकट परतणाऱ्यासाठी नाही. केरळने १९९६ पासून यासाठी स्वतंत्र खाते चालवले आहे. तिथे परतलेल्याला उद्योगासाठी कर्ज आणि त्यावर भांडवली अनुदान मिळते. आपल्याकडे परतलेला माणूस कोणत्या दारात जावे हेच विचारत फिरतो. त्यातून आपले सीमाभागाचे दुखणे आहे. अर्ज कन्नडमध्ये असतो आणि सतरा वर्षे बाहेर राहिलेल्याला ना कन्नड अर्ज वाचता येतो, ना तो वाचून दाखवणारा कोणी भेटतो. शेजारच्या मुलांना बसवून हे काम करून घ्या. कन्नड माध्यमात शिकलेली आपलीच नातवंडे ते चांगले करतात. त्यात संकोच नको.

शेतवाट, तीन कामे लगेच करावीत. शिधापत्रिकेवरचे भावाचे नाव तपासा, मतदार यादीत नाव नसल्यास सहा नंबरचा अर्ज भरा, आणि बँकेत जाऊन अनिवासी खाते निवासी करून घ्या.

शेतवाट (धागाकर्ते)

मास्तर, तुमचा आकडा वाचून मी भावाला दाखवला. तो बराच वेळ काही बोलला नाही, मग म्हणाला, ‘माझे मूळ वेतन साडेआठशे होते.’ शिधापत्रिकेवरील नाव कमी झालेले आहे, हे आजच कळले.

हलशी वाट, वडिलांच्या शेवटच्या दिवसांबद्दल तुम्ही अंदाजाने लिहिले, ते खरे आहे. पासपोर्ट कंपनीकडे होता आणि तो मिळेपर्यंत तिसरा दिवस झाला होता.

उद्यमबाग

माझे उद्यमबागेत फॅब्रिकेशनचे छोटे वर्कशॉप आहे. मालकाची बाजूही इथे यावी म्हणून लिहितो. आखातातून परतलेले दोन वेल्डर मी यापूर्वी ठेवले होते. एक दीड महिन्यात पुन्हा कतारला गेला आणि दुसऱ्याला माझ्याकडचा पगार परवडला नाही. मी वीस-बावीस हजारांपुढे जाऊ शकत नाही, कारण आमचे दर मोठ्या कारखान्यांनी ठरवलेले असतात. तेव्हापासून बाहेरून आलेल्याला मी नाही म्हणत आलो, हे कबूल करतो. मीटरगेज यांच्या वडिलांना गॅरेजवाल्यांनी जे सांगितले तेच मी सांगत होतो, असे आता वाचताना जाणवले.

दोहा ते हलगा

उद्यमबाग, पगाराची तुमची अडचण समजू शकते. पण एक गोष्ट तपासून पाहा. पाईप वेल्डर बहुधा सिक्स-जीची परीक्षा उतरलेला असतो. पंचेचाळीस अंशांत तिरका घट्ट बांधलेला पाईप न फिरवता चहूबाजूंनी वेल्ड करायचा आणि त्या जोडाचा एक्स-रे काढला तरी त्यात दोष दिसता कामा नये, अशी ती परीक्षा असते. असा हात बेळगावात सहज मिळणार नाही. शेतवाट, तुमच्यासाठी सांगतो की ही पात्रता कंपनीच्या नावावर असते आणि त्या पद्धतीचे वेल्डिंग सहा महिने केले नाही तर ती संपते. भावाला आलेल्यास सहा महिने होऊन गेले असतील, तर जुन्या कागदावर विसंबू नका. त्यांचा हात थांबू देऊ नका, इतकेच कळकळीने सांगतो.

चंदगडी

मी आधी लिहिलेले मागे घेत नाही, पण मास्तरांचा हिशेब मला ठाऊक नव्हता. दोन लाख हा आकडा आमच्या गावात कोणाला सांगितला तरी खरा वाटणार नाही. यात्रा कमिटीच्या लोकांसमोर तो कोणीतरी मांडायला हवा आणि ते काम परतलेल्या माणसावर टाकता येणार नाही. भावकीतल्या वडीलधाऱ्यांनी ते करावे. आमच्या यात्रेची बैठक पुढल्या महिन्यात आहे. परतलेल्यांना पहिले वर्षभर इतरांएवढीच वर्गणी लावावी, असे मी तिथे बोलणार आहे.

वैजनाथ पायथा

चंदगडी, बैठकीला मीही येतो. तुलनेबद्दलचे माझे मत कायम आहे, पण या मागणीला माझा पाठिंबा आहे.

मंगाई गल्ली

त्या बैठकीत परतलेल्या बायकांचेही नाव घ्यावे, ही विनंती.

उद्यमबाग

शेतवाट, माझ्याकडे सध्या बॉयलरच्या पाईपांचे एक काम आले आहे आणि जोड तपासणीत परत येत आहेत. दोहा ते हलगा यांचे वाचून रात्रभर विचार केला. तुमच्या भावाला मंगळवारी सकाळी नऊ वाजता पाठवाल का? सहा इंची पाईप कापून आणि आर्गॉनचे सिलिंडर भरून ठेवतो. पगाराचे आपण समोरासमोर बसून ठरवू, आणि ते जमले नाही तरी नव्या परीक्षेचा कागद मी करून देतो.

शेतवाट (धागाकर्ते)

आषाढाचे वार चालू आहेत आणि मंगळवारी गावात पाळणूक आहे, त्या दिवशी कोणी वेशीबाहेर कामाला जात नाही. तो बुधवारी नऊ वाजता येईल. स्वतःचा मुखवटा आणि हातमोजे त्याने आत्ताच माळ्यावरून काढले आहेत, आणि पाईप कार्बन स्टीलचा आहे की स्टेनलेसचा, असे तो विचारतो आहे.